साक्षीतून गाळलेलं वाक्य

ताई,

गेल्या बुधवारी संध्याकाळी साळवेकाका माझ्या खोलीवर आले. तुला मातीत ठेवून तेव्हा तीन आठवडे झाले होते. आपल्या ख्रिस्ती मंडळीचे सेक्रेटरी आणि मासिक पत्रकाचे संपादक मुलुंडहून घाटकोपरला स्वतः आले, म्हणजे काम महत्त्वाचं असणार. पाणी प्यायले, माझ्या पुस्तकांकडे नेहमीसारखं थोडं संशयानं पाहिलं आणि म्हणाले, "दोन पानं द्या सरोजबाईंवर. सख्खा भाऊ, त्यात लायब्ररीतला माणूस. तुमच्याशिवाय कोण लिहिणार? आणि त्यांच्या साक्षीचा उल्लेख आलाच पाहिजे बरं का. केवढ्या लोकांना धीर दिला त्या साक्षीनं."

मी म्हटलं, "काका, ती त्याच दुखण्यानं गेली."

"हो, ते आहेच," ते म्हणाले. "पण ते शेवटी. शेवटावर भर द्यायचा नाही."

जाताना त्यांनी तुझी साक्ष छापलेला जुना अंक टेबलावर ठेवला, संदर्भाला म्हणून. मला संदर्भाची गरज नव्हती. त्या पानाचं स्टेन्सिल मीच कापलं होतं, कॉलेजच्या टाइपरायटरवर, सुट्टीच्या दिवशी बसून. साळवेकाकांनी ते आपल्या ऑफिसात सायक्लोस्टाइल करून घेतलं. दोनशे प्रती निघाल्या. शाई थोडी फुटली आहे, पण वाचता येतं. वाचता आलं नसतं तर बरं झालं असतं.

त्यांची दोन पानं मी लिहिली नाहीत. हे लिहितोय ते तुला. तू पहिल्याच परिच्छेदाला म्हणाली असतीस, "मास्तर, प्रस्तावना पुरे. मुद्द्याचं बोल." लहानपणी मी जेवताना वाचायचो म्हणून तू मला मास्तर म्हणायला लागलीस, आणि मी चाळिशीला आलो तरी सोडलं नाहीस. खरं तर मास्तर तू होतीस. भिंतीवरच्या वचनांच्या कॅलेंडरवर बोट ठेवून तूच मला अक्षरं शिकवलीस. मी एखादं अक्षर खाल्लं तर बोट तिथून हलवायची नाहीस.

दाजींच्या भांडुपच्या कंपनीला टाळं लागलं त्या वर्षी परळ-लालबागच्या गिरण्या आधीच बंद होत्या. एवढ्या मोठ्या संपापुढे आपल्या कंपनीची बातमी कोण छापणार. दाजी रोज सकाळी डबा न घेता गेटवर जायचे आणि दुपारी परत यायचे. तू विचारायचीस, "काय म्हणतंय गेट?" ते म्हणायचे, "बंद म्हणतंय." पहिले दोन महिने तुम्ही दोघं यावर हसायचात. मग तू विचारणं सोडलंस. त्यांचं जाणं मात्र चालू राहिलं.

गुरुवारची घरप्रार्थना तू एकदाही चुकवली नाहीस. दुपारी तू आणि शेजारच्या सावंतकाकू मिळून लोखंडी खाट उभी करून गॅलरीत न्यायचात, म्हणजे त्या एका खोलीत वीस-पंचवीस माणसं मांडीला मांडी लावून बसतील. सावंतकाकूंचे यजमानही त्याच कंपनीतले. काकू प्रार्थनेला दारात बसायच्या, आत यायच्या नाहीत. "सरोज, तुझ्या देवाक आमच्या ह्यांचा पण नाव सांग गो," म्हणायच्या, आणि तू खरंच सांगायचीस, सावंतांचं नाव, आडनाव, खातं, सगळं. पुढे चहा बिनदुधाचा झाला तेव्हा त्यांनी कप पाहिला आणि म्हणाल्या, "तुमचो देव गरीबच दिसता. चायत दूध पण नाय."

"गोठ्यात जन्मला तो, काकू," तू म्हणालीस. "तरी दुधाची बोंब."

खोलीभर लोक हसले. साळवेकाका हसले नाहीत.

पण साक्षीची वेळ आली की खोली गप्प व्हायची. आपल्यात साक्षीला उभं राहायचं तर क्रम ठरलेला असतो. संकट आलं, प्रार्थना केली, संकट गेलं, प्रभूची स्तुती असो. ज्याचं संकट गेलेलं नसतं तो बसून राहतो. बसून राहा असं त्याला कोणी सांगत नाही, त्याचं त्यालाच कळतं. टाळेबंदीचं एक वर्ष उलटून गेलं तेव्हा उभं राहण्यासारखं कोणी उरलंच नव्हतं. साळवेकाका विचारायचे, "कोणाची साक्ष?" आणि सगळे चटईकडे बघायचे. शेवटी एखादी म्हातारी उठून रेशनच्या दुकानात रॉकेल मिळालं म्हणून आभार मानायची. लोक भुकेले होते, ताई, आणि नुसत्या जेवणाला नाही. आपल्यातल्या एकाचं तरी काहीतरी बरं झालं, हे त्यांना ऐकायचं होतं.

त्या दिवसांत एका दुपारी तू माझ्या कॉलेजच्या लायब्ररीत आलीस. परीक्षा तोंडावर आलेल्या, वाचनकक्ष भरलेला. तू माझ्या टेबलासमोर बसलीस, पिशवी मांडीवर घेऊन. मला वाटलं दाजींचं काही झालं.

"मास्तर," तू म्हणालीस, "मला गाठ आहे."

"कुठे?"

तू खाली नजर करून डाव्या बाजूच्या पदरावर हात ठेवलास, आणि मग एकदम बोलायलाच लागलीस. किती दिवसांपासून, कशी लागली हाताला, दाजींना अजून सांगितलं नाही, भीतीनं जेवण जात नाही. जवळच्या टेबलावरच्या एका मुलीनं मान वर करून पाहिलं. आणि मी, ताई, बारा वर्षांच्या सवयीनं, ओठांवर बोट ठेवलं.

तू तिथल्या तिथे थांबलीस. मग आपण व्हरांड्यात गेलो, मी पुष्कळ बोललो, पण ते बोट काही मागे घेता आलं नाही.

"उद्याच परळच्या हॉस्पिटलात जाऊन दाखव," मी म्हटलं.

"पुढल्या आठवड्यात आजाऱ्यांसाठी सभा आहे. ती होऊ दे. मग परळ."

"आधी परळ."

"घाबरलास तू."

"तू नाहीस घाबरलेली?"

"मी तर फार घाबरलेय," तू म्हणालीस. "म्हणूनच आधी सभा."

सभा भांडुपच्या मैदानावर मांडव घालून झाली. बाहेरगावच्या उपदेशकांनी रांगेतल्या प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला. मी मागे कनातीला टेकून उभा होतो. त्या माणसाची मला चीड आली नव्हती, आजही येत नाही. त्यानं तुला काही खोटं सांगितलं नाही. त्यानं प्रार्थना केली आणि तो पुढच्या गावाला गेला. खोटं सांगणारा घरातलाच होता.

चार दिवसांनी तू वहीचा कागद घेऊन माझ्या खोलीवर आलीस. पेन्सिलीनं पाच ओळी. "रविवारी साक्ष द्यायला सांगितलंय काकांनी. नीट करून दे," म्हणालीस. तो कागद माझ्याकडे आहे. तू लिहिलं होतंस: माझ्या छातीत गाठ आहे. सभेत प्रार्थना झाल्यापासून ती लहान झाल्यासारखी वाटते. दुखणं कमी आहे. मला अजून भीती वाटते, पण प्रार्थना चालू आहे. तुम्हीही माझ्यासाठी करा.

मी त्याचं एक पान केलं. टाळेबंदी आणली, रिकामा डबा आणला, मांडवातला वारा आणला. 'लहान झाल्यासारखी वाटते' तिथे लिहिलं, 'त्या घटकेपासून गाठ राहिली नाही.' आणि भीतीचं वाक्य गाळलं.

तू वाचलंस. त्या वाक्याशी बोट थांबलं. "हे मी कुठं म्हटलं?"

"साक्षीत असं 'वाटतंय-बिटतंय' चालत नाही, ताई. आणि भीतीवर शेवट केलास तर ऐकणाऱ्यांना काय मिळणार?"

"खरं मिळेल की."

"खरं त्यांच्याकडे घरोघर आहे."

हे वाक्य सुचलं म्हणून मला त्या क्षणी बरं वाटलं होतं, हेही आता लिहून टाकतो. तू कागदाची घडी केलीस. मग विचारलंस, "तुला वाटतं, गेली असेल?"

मी हो म्हटलं.

का म्हटलं, हे गेले तीन आठवडे मी स्वतःला विचारतोय. असल्या सभांवर माझा विश्वास नव्हता. तुमच्या साक्षींची मीच टिंगल करायचो. पण तुझी गाठ राहिलेली असण्याची मला इतकी धास्ती होती की ती निदान कागदावरून तरी घालवावी असं वाटलं. तुझी भीती तू लिहून आणली होतीस. माझी भीती मी तुझ्या तोंडात घातली.

रविवारी शाळेच्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये तू उभी राहून वाचलंस. 'राहिली नाही' या शब्दांशी तुझा आवाज थोडा अडला. लोकांना वाटलं, तुला भरून आलं. शेलारबाई पहिल्या बाकावर हुंदके देत होत्या. शेलारही दाजींच्याच कंपनीतले, गेट बंद झाल्यापासून पिऊ लागलेले. त्यांनी त्या रविवारी बाटली सोडली. महिनाभरानं पुन्हा धरली, पण तो महिना तुझ्या नावावर जमा झाला. पुढच्या अंकात साक्ष छापून आली. बायका घरी येऊ लागल्या, तुझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेऊ लागल्या. गुरुवारची खोली पुरेना, लोक गॅलरीत खाटेवर बसू लागले.

आणि तुझं परळला जाणं राहूनच गेलं. तिथल्या नर्सेसपैकी दोघी आपल्याच मंडळीतल्या, दोघींनी हॉलमध्ये तुझी साक्ष ऐकलेली. त्यांच्यासमोर कोणत्या तोंडानं केसपेपर काढायचा? असली अडचण आपल्याच लोकांत येऊ शकते. शेजारच्या सावंतकाकूंना मी पुढे हे समजावून सांगत होतो तेव्हा त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे लाजेन मरूचा?" एवढंच त्यांनी विचारलं.

पाऊस सरता सरता माझ्या लक्षात आलं की तू बादली उजव्याच हातानं उचलतेस. डावा हात पोटाशी धरून बसतेस. दाजींना मानदुखी सांगितली होतीस. मी विचारलं, "ताई, ती आहे ना अजून?"

तू तांदूळ निवडत होतीस. हसलीस. "कशी असेल? तूच लिहिलंस ना, राहिली नाही म्हणून."

तुझ्या आयुष्यातलं सगळ्यात कडू बोलणं तू तांदळातला खडा बाजूला काढावा तितक्या सहज बोललीस, आणि मला चहा विचारलास.

त्यानंतर आपण चार-पाच वेळा भांडलो. मी म्हणायचो, पुन्हा उभी राहा आणि सांग. तू म्हणायचीस, "त्या शेलारीण बाईला काय सांगू? तिचं सगळं त्या कागदावर उभं आहे." मी म्हणायचो, मग मी सांगतो साळवेकाकांना. "सांग की," म्हणायचीस. मी सांगितलं नाही. दाजींनाही नाही. सांगायचं तर कागद कोणी बदलला तेही सांगावं लागलं असतं. मी दर वेळी तुझ्यावर चिडून निघून जायचो आणि त्या चिडण्याला माझी काळजी समजायचो.

परळला तुला शेवटी सावंतकाकूंनी नेलं. आपल्यापैकी कोणी नाही. दुखणं आता पदराआड राहीना, तेव्हा एका सकाळी त्यांनी तुझी चप्पल तुझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "ऊठ. तुझ्या देवाक मी बघून घेतंय." मी तिथे पोचेपर्यंत तुला तपासून झालं होतं. डॉक्टरांनी इतके महिने काय करत होता म्हणून विचारलं. तू म्हणालीस, "प्रार्थना." ते मान वर न करता लिहीत राहिले. त्या दोन नर्सपैकी एक तुझ्यापाशी आली आणि तिनं तुझे केस सारखे केले. इतके महिने आपण जिच्या नजरेला भ्यालो ती अशी होती.

मग साळवेकाका वॉर्डात आले. प्रार्थना केली, स्टुलावर बसले, मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "कुठंतरी विश्वास कमी पडला असेल, सरोजबाई."

मी उठलो होतो. तू हातानं मला बसवलंस. म्हणालीस, "कमीच होता, काका. होता तेवढा सगळा दिला."

त्या दिवसापासून मी प्रार्थना करणं सोडलं. तुला कळलं होतं. पेज भरवायच्या आधी तू डोळे मिटायचीस, दोन चमच्यांची पेज, त्यावरही आभार, आणि मी चमचा धरून खिडकीबाहेर पाहायचो. एकदा मी बोललोच. "कोणाचे आभार मानतेस? गेट उघडलं नाही. गाठ गेली नाही. तू त्याच्यासाठी वर्षभर खोटं वागलीस, त्यानं काय केलं?"

"त्याच्यासाठी कुठं," तू म्हणालीस. "माणसांसाठी. त्याला तर पहिल्यापासून खरं सांगत आलेय."

"काय सांगतेस?"

"मला भीती वाटते म्हणून. रोज तेवढंच सांगते. बाकीचं आता आठवतही नाही."

"आणि तो?"

"ऐकतो."

"कशावरून?"

तू विचार करून म्हणालीस, "ओठावर बोट ठेवत नाही."

एवढ्या महिन्यांत त्या दुपारचा उल्लेख तू एकदाच केलास. रागावून केला नाहीस, याचाच मला जास्त त्रास झाला. मी वाद घालत राहिलो. ऐकून काही न करणाऱ्याचं करायचं काय, असं विचारलं. तू थकली होतीस. "उद्या भांडू," म्हणालीस. तो वाद तिथेच राहिला आहे. तू जिंकलीस असं मी मानत नाही. मी जिंकलो असं तर मुळीच नाही.

तू जाण्याच्या आदल्या आठवड्यात शेलारबाई तुला भेटायला आल्या. त्या गेल्यावर तू मला जवळ बोलावलंस. शेलारबाईंनाही गाठ आहे, तू सांगितलंस. गेला पावसाळा सुरू झाल्यापासून. कोणाला बोलल्या नव्हत्या. तुझ्या साक्षीचं पत्रक घडी करून ब्लाउजच्या आत, गाठीवर ठेवून वावरत होत्या.

"मी म्हटलं, बाई, मला बघा, मी इथं कशी पडलेय. दाखवून घ्या. तर म्हणते, तुम्ही परळला आलात तिथंच चुकलं तुमचं." तू थांबून श्वास घेतलास. "माझं ऐकत नाही ती, मास्तर. ती कागदाचं ऐकते. तो कागद दुरुस्त कर. तूच लिहिलास, तूच कर. मी काही आता उभी राहत नाही."

मी म्हटलं, "बघतो."

ताई, शेवटची म्हणून तू एक गोष्ट मागितलीस आणि मी बघतो म्हटलं. दाजी तुझ्या पायांशी बसलेले होते. त्यांच्या बायकोचं एक वर्ष मी कसं खर्च केलं हे त्यांना कळेल, एवढंच त्या वेळी माझ्या मनात होतं. तुझ्या दफनविधीत काका तुझ्या साक्षीवर बोलले. सांत्वनाच्या प्रार्थनेत पुन्हा बोलले. शेलारबाई दोन्ही वेळा मान हलवत होत्या, एक हात छातीशी. मी दोन्ही वेळा पाहिलं. तीन आठवडे मी बघतच होतो.

मग काका दोन पानं मागायला आले.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. प्रार्थना दाजींकडेच. कंपनीचं गेट उघडलंय आता, निम्मी माणसं घेतली, दाजींना घेतलं नाही. सावंतांना घेतलं. खाट गॅलरीत न्यायला काकूंबरोबर मी हात लावला. त्यांनी विचारलं, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "साक्ष आहे." त्या म्हणाल्या, "तुझी? अरे देवा," आणि त्या दिवशी पहिल्यांदा आत येऊन बसल्या.

काकांनी विचारलं, "कोणाची साक्ष?" मी उभा राहिलो आणि तुझा पेन्सिलीचा कागद वाचला. पाच ओळी, तुझ्या होत्या तशा. मग मी त्यांचं काय केलं ते सांगितलं. कोणतं वाक्य बदललं, कोणतं गाळलं. तू वाचायला का तयार नव्हतीस. परळला का गेली नाहीस. चुकीच्या माणसाच्या शब्दावर विसंबू नका, म्हणून मला शेवटी विनवायचं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "गाठ गेली नव्हती. एक दिवससुद्धा गेली नव्हती."

कोणीतरी सवयीनं स्तुती म्हणायला सुरुवात केली आणि अर्ध्यात सोडली. काका म्हणाले, "बंधूंचं दुःख ताजं आहे. आपण गीत घेऊ." दाजी उठले. गॅलरीत जाऊन खाटेवर पाठ फिरवून बसले. गीताच्या चारही कडव्यांत ते वळले नाहीत. मी निघताना त्यांच्याजवळ थांबलो. ते गल्लीकडे बघत म्हणाले, "मला मानदुखी सांगितली होती तिनं. मी रोज तेल लावत होतो मानेला." त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. बोलतील की नाही माहीत नाही, आणि बोलावं असं कोणत्या हक्कानं म्हणू.

काकांना मी दुरुस्ती छापायला सांगितली. ते म्हणाले, या अंकात जागा नाही. पुढच्यातही नसेल. स्टेन्सिल मात्र अजून मीच कापतो.

शेलारबाई मला त्याच रात्री जिन्यात भेटल्या. मला वाटलं, भांडतील. तो अधिकार त्यांचाही होता. त्या कठड्याला धरून म्हणाल्या, "एवढे दिवस का गप बसलात, भाऊ?" त्यांनी तुझा कागद मागितला. तो मी देऊ शकलो नाही. तिथेच पायरीवर बसून नक्कल करून दिली, एक शब्द न बदलता. त्यांनी ती दोनदा वाचली. मग विचारलं, "परळला सकाळी किती वाजता नंबर लावायचा?"

काल आम्ही गेलो. उजाडता उजाडता बाकावर जागा मिळाली. त्यांच्या पर्समध्ये दोन्ही कागद होते, माझा छापलेला आणि तुझ्या शब्दांची नक्कल. तुझे केस सारखे करणारी नर्स समोरून गेली, आम्हांला पाहून थांबली, शेलारबाईंच्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेली. उशीर झाला आहे की नाही ते मला माहीत नाही. तुझ्या वेळीही मला काही माहीत नव्हतं, फक्त तेव्हा मी तसं म्हटलं नव्हतं.

शेलारबाई म्हणाल्या, "भाऊ, प्रार्थना करा."

"तुम्हीच करा. माझी सुटली आहे."

"माझं तोंड कोरडं पडलंय. करा."

मी डोळे मिटले नाहीत. समोर भिंत होती, पिवळी, खांद्याच्या उंचीला माणसं टेकून टेकून मळलेली. साचा सगळा आठवत होता, सुरुवात, मधलं, शेवट. त्यातलं एकही वाक्य तोंडात घ्यावंसं वाटेना. मग तुझं होतं तेच म्हटलं. आम्हांला भीती वाटते. पुढचं काही येईना. आमेन शेलारबाईंनीच म्हटलं, आणि पदर सारखा करून त्या उठल्या. आमचा नंबर पुकारला होता.